झ्यूसचे बालपण आणि क्रीटची बुगात्सा
ग्रीक पुराणकथेनुसार क्रोनस आपली मुले जन्मताच गिळत असे. त्याची पत्नी रीआ हिने त्याला कापडात गुंडाळलेला दगड दिला आणि धाकट्या झ्यूसला क्रीट बेटावरील गुहेत लपवले. तेथे तो अमाल्थिया या शेळीच्या दुधावर आणि मधावर वाढला. त्याचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून कुरेतेस हे रक्षक ढालींवर शस्त्रे आपटत नाचत. इडा पर्वतावरील गुहेत 1880 च्या दशकात नक्षीदार कांस्य ढाली सापडल्या. त्या झ्यूसला अर्पण केल्या असाव्यात, असे मानले जाते.

याच बेटावरील खानिया शहरात सकाळी बुगात्सा हा भाजलेला पदार्थ खातात. कणीक हाताने ताणत जवळजवळ पारदर्शक करतात, तिच्या घड्यांत मिझिथ्रा हे मेंढी-शेळीच्या दुधाचे ताजे चीज भरतात आणि भट्टीत खरपूस भाजतात. मग लहान तुकडे करून वर साखर व दालचिनी भुरभुरतात. आतला आंबूस-खारट स्वाद आणि वरची गोडी हेच तिचे वैशिष्ट्य. थेसालोनिकीत मात्र गोड बुगात्सेत रव्याचे क्रीम असते.

तुर्कांकडून ग्रीसचा 1922 मध्ये झालेला पराभव आणि 1923 च्या लोसान करारातील लोकसंख्येची अदलाबदल यांमुळे आशिया मायनरमधून लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. बुगात्सेचा प्रसार मुख्यतः त्यांनीच केला.

प्राचीन ग्रीकांच्या स्वयंपाकात साखर नव्हती. त्यांची गोडी मधाची होती. त्यामुळे कथा आणि पदार्थ यांचे नाते थेट वंशाचे नाही. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे क्रीटच्या डोंगरांतील पशुपालन, आणि ते आजही टिकून आहे.