टीमचं नाव इंडिया होतं, तेव्हा गाडीत कोण होतं?

मंडळी, निवडणूक जवळ आली की आपल्या परभणीत एकच चर्चा असते. कोण कुणाकडं गेलं, कुणाचं तिकीट कापलं, कोण ऐनवेळी दुसऱ्याच गाडीतून उतरलं. फॉर्म्युला वन नावाच्या मोटार शर्यतीत हा प्रकार दर हिवाळ्यात चालतो. यंदाही चाललाय. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोसम सुरू होतोय. सॉबर नावाची जुनी टीम आता ऑडी झाली. अमेरिकेची कॅडिलॅक ही अकरावी टीम म्हणून आली आणि तिनं सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास या दोन जुन्या जाणत्या ड्रायव्हरांना घेतलं. गेलं वर्षभर दोघांकडंही शर्यतीची सीट नव्हती.

पेरेझचं नाव वाचलं आणि मला एक जुना फोन आठवला.

३० ऑक्टोबर २०११. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. मी तेव्हा इथल्याच एका छोट्या दैनिकात होतो. एजन्सीची बातमी मराठीत करायचं काम माझ्याकडं आलं. वेटेल जिंकला हे लिहिलं आणि वर आपल्या अकलेनं एक चौकट टाकली की ‘आपली’ फोर्स इंडिया टीम नवव्या नंबरवर आली. सकाळी फोन. जिंतूर रोडला गॅरेज असलेले एक वाचक होते. म्हणाले, “भाऊ, टीम आपली म्हणता, मग गाडीत आपलं पोरगं कुठाय?” नवव्या नंबरवर आलेला एड्रियन सुटिल जर्मन होता. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. उशीर झालाय, पण देतो.

ही टीम मुळात आयर्लंडच्या एडी जॉर्डन यांची. १९९१ ला ती फॉर्म्युला वनमध्ये उतरली, नाव जॉर्डन. कारखाना इंग्लंडमध्ये, सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकच्या दारासमोर. पहिल्याच वर्षी तिचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो याला लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्यावर अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल तुरुंगवास झाला. बेल्जियममधल्या स्पा इथल्या शर्यतीला सीट मोकळी पडली आणि तिथं एक नवखा पोरगा बसवला. त्याचं नाव मायकेल शूमाखर. सातव्या नंबरवरून त्यानं सुरुवात केली, पहिल्याच फेरीत गाडी बंद पडली. पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं. पुढच्या शर्यतीला तो बेनेटन टीममध्ये होता. म्हणजे पळवापळवी आपल्याकडंच असते असं नाही!

पुढं १९९८ ला त्याच स्पाला, धो धो पावसात, जॉर्डनची गाडी पहिल्यांदा जिंकली. ड्रायव्हर डेमन हिल. पण मोठ्या कंपन्यांच्या पैशापुढं एकट्या माणसाची टीम किती दिवस टिकणार? २००५ च्या जानेवारीत जॉर्डन यांनी ती मिडलँड नावाच्या उद्योगसमूहाला विकली. तो एक मोसम ती जॉर्डन याच नावानं पळाली.

गॅरेजवाल्या भाऊंनी आता नीट लक्ष द्यावं. त्या २००५ च्या मोसमात टीमच्या दोन सीटांपैकी एका सीटवर नारायण कार्तिकेयन होता. कोइम्बतूरचा. फॉर्म्युला वनमध्ये शर्यत करणारा पहिला भारतीय. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत टायरच्या वादामुळं चौदा गाड्या बाजूला झाल्या, सहाच पळाल्या, त्यात तो चौथा आला. पाच गुण मिळाले. मोसम संपला, टीमचं नाव मिडलँड झालं आणि नव्या यादीत नारायणचं नाव नव्हतं.

मिडलँडनं वर्षाच्या आतच टीम हॉलंडच्या स्पायकर या मोटार कंपनीला विकली. स्पायकरलाही झेपेना. २००७ च्या शेवटी विजय मल्ल्या आणि त्यांचे डच भागीदार मिखील मोल यांनी ८ कोटी ८० लाख युरोला ती घेतली. २००८ पासून नाव पडलं फोर्स इंडिया.

म्हणजे बघा, टीम परदेशी होती तेव्हा तिच्यात भारतीय ड्रायव्हर होता. टीमचं नाव इंडिया झालं तेव्हा एकही नाही. २००८ ते २०१८ या अकरा मोसमांत फोर्स इंडियासाठी सात जणांनी शर्यती केल्या. सुटिल, फिसिकेला, लिउझी, डी रेस्टा, हुल्केनबर्ग, पेरेझ आणि ओकॉन. जर्मनी, इटली, स्कॉटलंड, मेक्सिको, फ्रान्स. बुद्ध सर्किटवर २०११ ला नारायण उतरला खरा, पण तो एचआरटी नावाच्या स्पेनच्या, सगळ्यात मागं राहणाऱ्या टीमच्या गाडीत. सतरावा आला.

याला मल्ल्यांना शिव्या घालून मोकळं होता येईल. पण ते पूर्ण उत्तर नाही. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आठव्या-नवव्या वर्षी कार्टिंगच्या छोट्या गाडीत बसतो. मग फॉर्म्युला फोर, थ्री, टू असा जिना. प्रत्येक पायरीला वर्षाचा खर्च कोटींत, आणि जिना सगळा युरोपात. आपल्याकडं पोरगं नवव्या वर्षी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसतं. फोर्स इंडियानं २०११ ला ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाची शोधमोहीम काढली, तीन मुलं निवडली. त्यातला एक मुंबईचा जेहान दारूवाला, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. तो फॉर्म्युला टूपर्यंत गेला. वरची शेवटची पायरी काही हाती लागली नाही.

तरी या टीमबद्दल आपल्याला माया वाटावी असे दिवस आले. पहिल्या वर्षी शून्य गुण. २००९ ला पुन्हा तेच स्पा. पहिल्या नंबरवरून सुरुवात केली ती जियानकार्लो फिसिकेलानं, फोर्स इंडियाच्या गाडीतून! सगळे डोळे चोळत राहिले. शर्यतीत तो दुसरा आला. लगेच फेरारीचा निरोप आला, त्यांचा मासा जखमी होता. इटलीच्या माणसाला फेरारीचा निरोप म्हणजे दिल्लीचं बोलावणं. फिसिकेला गेला. फेरारीत पाच शर्यती केल्या आणि एकही गुण मिळाला नाही. त्यातल्या पहिल्याच, मोंझाच्या शर्यतीत फेरारीतला फिसिकेला नववा आला आणि फोर्स इंडियातला सुटिल चौथा. आपल्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्याच्या नशिबात परतायला परभणीही नव्हती, त्याची जागा लिउझीला गेली होती.

नंतर पैशाचं चक्र उलटं फिरलं. २०११ ला सहारा समूहानं १० कोटी डॉलर देऊन ४२.५ टक्के हिस्सा घेतला. २०१२ ला किंगफिशरची विमानं जमिनीवर आली. २०१४ ला सुब्रतो रॉय तुरुंगात गेले, पुढं लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या लिलावाचे आदेश निघाले. २०१६ च्या मार्चमध्ये मल्ल्या देश सोडून गेले. इकडं बुद्ध सर्किटची शर्यतही करांच्या वादात तीनच वर्षांत बंद पडली होती.

आणि नेमक्या याच काळात टीम सगळ्यात चांगली पळत होती. २०१५ ला पाचवी, २०१६ आणि २०१७ ला चौथी. पुढं होत्या फक्त मर्सिडीज, रेड बुल आणि फेरारी. मालक कोर्टकचेऱ्यांत आणि सिल्व्हरस्टोनच्या कारखान्यातली चारशे माणसं तुटपुंज्या पैशात गाडी बनवतायत. या चारशे जणांचं नाव कोणत्याच पोस्टरवर नव्हतं.

२०१८ च्या जुलैत सगळं थकलं. पुरवठादारांची देणी होती, खुद्द पेरेझचे पैसे अडकले होते. कुणी देणेकरी कोर्टात जाऊन टीम कायमची मोडीत काढेल अशी वेळ आली. तेव्हा टीममधल्याच लोकांच्या सांगण्यावरून पेरेझनं पाऊल उचललं. आपल्या थकबाकीसाठी कोर्टात जाऊन त्यानं टीमवर प्रशासक बसवायला लावला. बँकेवर, साखर कारखान्यावर प्रशासक बसणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. फरक एवढाच की तिथं प्रशासकानं दहा-बारा दिवसांत गिऱ्हाईक गाठलं. कॅनडाचे अब्जाधीश लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटानं टीम घेतली, ४०५ जणांची नोकरी वाचली.

टीमचे आधीचे ५९ गुण मात्र पुसले गेले. शून्यापासून पहिली शर्यत, आणि ती कुठं? स्पाला. पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा. त्या मोसमाबरोबर इंडिया हे नाव गेलं. पुढच्या वर्षी ओकॉनची सीट गेली आणि तिथं मालकांचा मुलगा लान्स बसला.

आणि पेरेझ? २०२० च्या सप्टेंबरमध्ये, करार २०२२ पर्यंत असताना, त्याला सांगितलं गेलं की पुढच्या वर्षी सेबास्टियन वेटेल येतोय. ज्यानं टीम वाचवली त्यालाच जागा मोकळी करावी लागली. त्यानं काय केलं? ६ डिसेंबर २०२० ला बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत धक्का लागून तो सगळ्यात मागं, अठराव्या नंबरवर गेला. तिथून शर्यत जिंकली! १९० व्या शर्यतीतला पहिला विजय. सिल्व्हरस्टोनच्या त्या कारखान्यालाही २००३ नंतरचा पहिला. आणि योगायोग असा की त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर जेहान दारूवालानं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, तिथं जिंकणारा पहिला भारतीय. टीमवर इंडिया नाव उरलं नव्हतं, पण त्या टीमनं शोधलेलं पोरगं त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं होतं. बारा दिवसांनी रेड बुलनं पेरेझला घेतलं.

आता माझी गोष्ट. थोडक्यात सांगतो.

२०१४ च्या सुमारास आमच्या दैनिकात चार महिने पगार नव्हता. मालक विक्रीच्या गडबडीत होते. आमच्यातले एक ज्येष्ठ उपसंपादक उठले आणि थकीत पगाराचा अर्ज तयार केला. सह्यांसाठी कागद फिरवला. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, हा माणूस पेपर बुडवणार. छपाईवाल्या मामांनी सही केली, दोन पोरांनी केली. मी केली नाही. घरी लहान लेकरू होतं, नवा मालक आपल्याला ठेवून घेईल असं वाटत होतं.

अर्जामुळं पेपर बुडाला नाही. नव्या मालकांना हिशोब चुकता करूनच व्यवहार करावा लागला आणि आम्हा सगळ्यांचा अर्धाअधिक पगार निघाला. सही न करणाऱ्या माझाही. पेपरचं नाव बदललं, पाटी बदलली. सहा महिन्यांत पहिली ‘आता थांबा’ची चिठ्ठी त्या ज्येष्ठांनाच मिळाली. निरोप समारंभ झाला नाही. ते सायकल घेऊन गेटातून निघाले तेव्हा मी पान लावत होतो. उठून गेलो नाही.

म्हणून सर्जिओ पेरेझ नव्या टीमकडून उतरतोय हे वाचल्यावर मला मेक्सिको आठवला नाही, ती सायकल आठवली.

गॅरेजवाले भाऊ, तुम्ही विचारलं होतं गाडीत आपलं पोरगं कुठाय. उत्तर असं की ते नाव उधार होतं. मालकाच्या पैशाबरोबर आलं आणि त्याच्याबरोबर गेलं. जॉर्डन, मिडलँड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट आणि आता अ‍ॅस्टन मार्टिन, पाट्या सहा झाल्या. या सगळ्यांच्या खाली ट्रॅकच्या दारासमोर रोज सकाळी कामाला येणारी माणसं होती, आणि एकदा वेळ आली तेव्हा स्वतःच्या नावावर कोर्टात जाणारा एक ड्रायव्हर होता. माझ्या मते टीम ती.

आपल्या जिल्ह्यात बँका झाल्या, सूतगिरण्या झाल्या, शाळा झाल्या, पेपर झाले. पाट्या कुणाच्या होत्या हे सगळ्यांना पाठ आहे. त्या वाचवायला कागद कुणी फिरवला, हे विचारा बरं घरातल्या थोरांना. नाव सापडलं तर खाली लिहा. आणि ते अजून हयात असतील तर आधी त्यांना जाऊन भेटा. मी उद्या सकाळी एका घरी चाललोय, जरा धाकधूक आहे.