कामोशिका, जपानी : शिकारबंदी, परवाने व स्थानिकांची पात्रता

कामोशिका, जपानी (निहोन कामोशिका, शास्त्रीय नाव कॅप्रिकॉर्निस क्रिस्पस). मेंढ्या-बकऱ्यांच्या उपकुळातील जपानचा एकमेव मूळचा वन्य प्राणी. जपानमध्ये रानमेंढी नाही. त्यामुळे अमेरिकेत डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीसाठी स्थानिक रहिवाशांना सोडतीने परवाने मिळतात तशी पद्धत तिथे शोधायची झाली, तर वाट या प्राण्यापाशी येऊन थांबते. थांबते असे म्हणायचे कारण, कामोशिकाच्या हौशी शिकारीचा परवाना जपानमध्ये कोणालाच मिळत नाही. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यालाही नाही.

होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांवर तो आढळतो; होक्काइडोत नाही. वजन 30 ते 45 किलो, अंगावर दाट राखी-तपकिरी लोकर, नर-मादी दोघांनाही मागे वळलेली आखूड शिंगे. हिमालयातल्या सेरोचा हा भाऊबंद. कळप करत नाही. आपापला टापू राखून एकेकटा राहतो आणि डोळ्यांपुढच्या ग्रंथीतला स्राव झाडाझुडपांना घासून हद्दीच्या खुणा करतो. माणूस दिसला की पळण्याआधी बराच वेळ टक लावून पाहत उभा राहण्याची त्याची सवय आहे. हिवाळ्यात तर तो कड्यावर तासन्‌तास निश्चल उभा असतो. निसर्गप्रेमींना हे दृश्य फार आवडते, पण बंदुकीपुढे हीच सवय त्याच्या मुळावर आली.

ईशान्य होन्शूतले मातागी म्हणजे परंपरेने शिकार करणारे डोंगरी लोक. आकिता प्रांतातील आनी हा भाग त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. अस्वलाबरोबरच कामोशिका ही त्यांची हिवाळ्यातली मुख्य शिकार होती. मांस खाण्यात येई, कातड्याची बंडी आणि बैठक होई आणि शिंगांपासून बोनिटो मासे धरण्याचे गळ बनत. म्हणजे डोंगरातल्या जनावराचे शिंग समुद्रावरच्या कोळ्याच्या हाती पोचत असे. मेइजी काळात सैन्यासाठी तयार झालेल्या मुराता बनावटीच्या बंदुका पुढे शिकाऱ्यांच्या हाती आल्या आणि भाला-सापळ्यांच्या काळातला तोल ढळला. सरकारने 1873 मध्ये पक्षी व प्राण्यांच्या शिकारीचे पहिले नियम केले. त्यांत पोटासाठी शिकार करणारा आणि हौसेसाठी करणारा असा भेद होता, आणि हौशी माणसाला कर जास्त होता. स्थानिक गरजवंताला झुकते माप देणारी ही तरतूद पुढे कायद्यातून गेली. आजच्या व्यवस्थेत तिचा मागमूसही नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हे त्या व्यवस्थेतले खरे उणेपण आहे.

कामोशिकाची संख्या झपाट्याने घटल्यावर 1925 मध्ये त्याला शिकारयोग्य प्राण्यांतून वगळण्यात आले. 1934 मध्ये तो ‘नैसर्गिक स्मारक’ ठरला आणि 1955 मध्ये ‘विशेष नैसर्गिक स्मारक’. नावात स्मारक असले तरी हा दर्जा दगडी वास्तूंपुरता नाही. जपानच्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्यात प्राणी, वनस्पती आणि भूरूपेही येतात. म्हणून कामोशिका एकाच वेळी दोन कायद्यांखाली आहे : वन्यजीवांचा कायदा पर्यावरण मंत्रालयाकडे, तर स्मारकांचा कायदा सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडे. दुसऱ्या कायद्याचा भंग करून त्याला मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही कातड्याला बाजारभाव असेपर्यंत चोरटी शिकार चालूच राहिली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी शिकारी आणि कातड्याचे व्यापारी यांच्यावर मोठी कारवाई केली, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली.

मग गोष्ट उलटली. युद्धोत्तर काळात इमारती लाकडासाठी नैसर्गिक जंगले तोडून डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांनी भरण्यात आले. तोडलेल्या जागी उगवणारे गवत-झुडूप आणि हिनोकीची कोवळी रोपे हे कामोशिकाला आयते कुरण मिळाले. नागानो प्रांतातील किसो खोरे आणि लगतचा गिफू प्रांत येथील वनशेतकऱ्यांची रोपे शेंड्यापासून खुडली जाऊ लागली. शेंडा गेला की खोड सरळ वाढत नाही आणि पन्नास वर्षांनी मिळायचे लाकूड कवडीमोलाचे होते. लावणी करायला सरकारने सांगितले, खाणाऱ्या जनावराला संरक्षणही सरकारनेच दिले, आणि नुकसान मात्र मालकाच्या माथी. 1970 च्या दशकातील हा संताप रास्तच होता.

तोडगा म्हणून 1978 च्या सुमारास या दोन प्रांतांत मर्यादित संख्येने कामोशिका मारण्यास सुरुवात झाली. 1979 मध्ये पर्यावरण, संस्कृती आणि वन या तीन खात्यांत समझोता झाला : ठरावीक संरक्षण क्षेत्रे आखायची, त्यांच्या आत कामोशिकाला हात लावायचा नाही आणि बाहेर नुकसान होत असेल तिथे संख्या कमी करू द्यायची. 15 क्षेत्रे नियोजित होती, त्यांपैकी 13 झाली. शिकोकू आणि क्यूशूतली झाली नाहीत. देशभर सगळ्या कामोशिकांना असलेला स्मारकाचा दर्जा पुढे या क्षेत्रांपुरता करायचा, असेही त्या समझोत्यात अभिप्रेत होते. तो बदल अजून झालेला नाही. परिणामी कागदावर प्रत्येक कामोशिका राष्ट्रीय ठेवा आहे, आणि त्यातले काही दर हिवाळ्यात सरकारी मंजुरीने मारले जातात.

सर्वसाधारण शिकारीसाठी रहिवाशाची पात्रता अशी ठरते. परवाना (शुर्‍यो मेन्क्यो) चार प्रकारचा : जाळे, सापळा, छऱ्याची बंदूक वा रायफल, आणि हवेची बंदूक. जाळे-सापळ्यासाठी वय किमान 18, बंदुकीसाठी 20. अर्ज आपण राहतो त्या प्रांताच्या राज्यपालाकडे करायचा. वैद्यकीय दाखला, कायद्याची लेखी परीक्षा, दृष्टी-श्रवणाची चाचणी आणि हत्यार हाताळण्याची परीक्षा द्यायची. नागरिकत्वाची अट नाही. जपानमध्ये वास्तव्य असलेला परदेशी माणूसही बसू शकतो. परवाना देशभर चालतो, मात्र ज्या प्रांतात शिकार करायची तिथे दर हंगामाला वेगळी नोंदणी, वेगळा कर. बंदुकीसाठी तो 16,500 येन असून कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत आहे. शिवाय अपघातात कोणाला इजा झाल्यास भरपाईसाठी किमान 3 कोटी येनांची तजवीज दाखवावी लागते. बहुतेक जण ती र्‍योयूकाई या शिकारी संघटनेचे सभासद होऊन करतात. बंदूक बाळगण्याची परवानगी ही सर्वस्वी निराळी बाब. ती पोलिसांमार्फत मिळते आणि रायफल हवी असेल तर आधी साधारणपणे दहा वर्षे छऱ्याची बंदूक बाळगलेली असावी लागते. हंगाम साधारणपणे 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी.

एवढे सगळे सोपस्कार पार पाडल्यावर शिकाऱ्याला 46 जातींचे पशुपक्षी मारता येतात. त्यांत कामोशिका नाही.

कामोशिकासाठी वाट वेगळी आहे आणि ती व्यक्तीसाठी नाही. प्रांत आधी आपली व्यवस्थापन योजना करतो : संख्या किती, नुकसान कुठे, किती मारायचे. त्यानंतर वन्यजीव कायद्याखालची परवानगी आणि सांस्कृतिक संपदा कायद्याखाली स्मारकाच्या ‘सद्यःस्थितीत बदल’ करण्याची मंजुरी, अशा दोन्ही लागतात. एका जिवंत जनावराला मारण्यास ‘सद्यःस्थितीत बदल’ म्हणणारी भाषा नोकरशाहीलाच सुचू शकते. अर्जदार सहसा गावाची किंवा शहराची पालिका असते. गोळी झाडतो तो स्थानिक र्‍योयूकाईचा अनुभवी सभासद, पण पालिकेने नेमलेला माणूस म्हणून. त्याच्याजवळ तसे ओळखपत्र असते. रहिवासी असल्याचा फायदा एवढाच, की डोंगराच्या वाटा ठाऊक असलेला म्हणून त्याचे नाव पुढे येते. हक्क म्हणून त्याला काही मिळत नाही, आणि जनावर त्याच्या मालकीचे होत नाही. गिफू-नागानोत मारलेल्या कामोशिकांच्या शरीरांवर पुढे बरेच संशोधन झाले. शिंगांवरच्या वलयांवरून वय आणि मादीच्या विणींचा इतिहास वाचण्याची पद्धत त्यातून पक्की झाली.

आजची खरी अडचण सापळ्यांची आहे. हरणे आणि रानडुकरे फार वाढल्याने डोंगरात तारेचे फास सर्वत्र लागलेले असतात, आणि त्यांत कामोशिका अडकतो. अशा वेळी त्याला सोडून देणे बंधनकारक आहे. घाबरलेल्या, टोकदार शिंगांच्या जनावराच्या पायातला फास काढणे जोखमीचे काम आहे आणि ते बहुधा साठी ओलांडलेल्या माणसांवर पडते. 1975 च्या सुमारास पाच लाखांवर असलेले परवानाधारक आता निम्म्याहूनही कमी उरले आहेत. दुसरीकडे, हरणांनी जंगलाचा तळचारा फस्त केल्याने काही भागांत कामोशिका मागे हटत आहे. शिकोकू आणि क्यूशूत तर त्याची संख्या चिंताजनक आहे. म्हणजे एका खोऱ्यात जास्त झालेला प्राणी दुसऱ्या बेटावर नाहीसा होण्याच्या बेतात आहे, आणि कायदा मात्र दोघांना एकच मानतो. संरक्षणाचा निर्णय योग्यच होता, पण हा एकसाची दर्जा आता बदलायला हवा.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपवली. महाराष्ट्रात पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांबाबत आणि नीलगायींबाबत वनखात्याकडे परवानगी मागावी लागते. तिथे अर्ज नुकसान सोसणारा शेतकरी करतो; जपानमध्ये कामोशिकाच्या बाबतीत तो पालिकेने करायचा असतो.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने एक ध्यानात ठेवावे. डोंगरात किंवा रस्त्याच्या कडेला मेलेला कामोशिका दिसला, तर त्याला हात लावू नये, शिंग आठवण म्हणून उचलू नये. तो कायद्याने स्मारक असल्यामुळे त्याच्या मृत्यूची नोंद शिक्षण खाते ठेवते. जवळच्या पालिकेच्या शिक्षण मंडळाला कळवावे.