शार्लट चौकांतील सातवें घर

स्वतःच्या पैशानें बांधलेल्या घराची दर्शनी भिंत कोणाची? घरधन्याची, कीं ज्या चौकाकडे ती पाहते त्या चौकाची? स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील शार्लट चौकांत हा प्रश्न सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ दगडांत उभा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास हें शहर किल्ल्याखालील एका अरुंद डोंगरधारेवर दाटीनें वसलें होतें. एकाच उंच इमारतींत न्यायाधीश, व्यापारी व मजूर राहत, आणि एकाच जिन्यानें चढत-उतरत. १७६७ सालीं जेम्स क्रेग या तरुणाचा नव्या नगराचा नकाशा मंजूर झाला. सरळ रस्ते आणि दोन्ही टोकांस एकेक चौक, अशी त्याची आंखणी. ऐपतदार कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं, गरीब मागें राहिले. नगराच्या शोभेची ही दुसरी बाजू विसरतां येत नाहीं.

पश्चिमेकडील शार्लट चौकाची रचना १७९१ मध्यें रॉबर्ट ॲडम या नामांकित वास्तुशिल्पज्ञाकडे सोंपविण्यांत आली. पुढील वर्षींच तो निवर्तला. त्याचा आराखडा मात्र टिकला. उत्तर बाजूचीं ११ घरें लांबून पाहतां एकच राजवाडा भासावीं, ही त्याची योजना. मधल्या घरावर स्तंभ व त्रिकोणी शिखर, आणि इतरांनीं त्याला शोभेसें राहावें. आंतील खोल्या ज्याच्या त्याच्या सोयीच्या. बाहेरील रूप सर्वांचें एक.

यांपैकीं सातवें घर १७९६ सालीं जॉन लॅमाँट या जमीनदारानें १,८०० पौंडांस घेतलें. तळघरांत स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीवर जेवणघर आणि वरच्या मजल्यावर चौकाकडे तोंड केलेला प्रशस्त दिवाणखाना, अशी त्याची मांडणी. दिवाणखान्यांत पाहुण्यांची बैठक भरे. तिच्यासाठीं राबणारे हात तळघरांत असत. १८४५ मध्यें तें चार्ल्स नीव्हज या कायदेपंडिताकडे आलें. तो पुढें न्यायमूर्ति झाला. १८८९ मध्यें धर्मोपदेशक अलेक्झांडर व्हाइट तेथें राहावयास आला. जमीनदार, न्यायमूर्ति, धर्मोपदेशक : त्या नगरांतील प्रतिष्ठितांचा इतिहासच एका उंबरठ्यावरून गेला.

दरम्यान चौकांतील कित्येक घरधन्यांनीं खिडक्या खालपर्यंत वाढविल्या, छपरांतून नव्या खिडक्या काढल्या. प्रत्येकाला थोडा अधिक उजेड मिळाला. एकत्र राजवाडा मात्र विस्कळित होऊं लागला. विसाव्या शतकांत ब्यूटच्या चौथ्या मार्क्विसनें यांतील घरें घेऊन त्यांना मूळ रूप देण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९३० मध्यें नगररचनेच्या एका आदेशानें चौकाच्या दर्शनी भागांना संरक्षण मिळालें. १९६६ सालीं सातवें घर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय विश्वस्त संस्थेकडे आलें. १९७५ पासून तें जुन्या थाटांत सजवून लोकांसाठीं खुलें झालें.

घराचे मालक बदलले, खोल्यांचे उपयोग बदलले. जें टिकलें, तें ज्यावर एकट्या कोणाचाच हक्क मानला गेला नव्हता तेंच : चौकाकडे पाहणारी ती एक भिंत.