बापाचा होकार आणि बोर्डिंगची खोली
खेड्यातल्या पोराला पुढं शिकायचं तर आधी बापाची समजूत काढावी लागे. त्या वादात पोराची बाजू लंगडी पडे ती हट्ट कमी पडला म्हणून नव्हे. शहरात राहायचं कुठं, खायचं काय, याला त्याच्याकडं उत्तर नसे. कोल्हापुरात ते उत्तर शाहू महाराजांनी पुरवलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ‘शिकून करणार काय?’ या प्रश्नालाही १९०२ च्या हुकमानं जोर उरला नाही: संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या गेल्या.

कुणी म्हणेल, पालक पटले नाहीत, दंडाला भ्याले. १९१७ च्या सक्तीच्या कायद्यात मूल शाळेत न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता, हे खरंच. पण ती सक्ती प्राथमिक शाळेपुरती. शेतात हाताशी आलेला पंधरा वर्षांचा मुलगा हायस्कुलासाठी सोडा, असं कुठलाच कायदा सांगत नव्हता. तिथं घरचा होकारच लागे. मुलींच्या हाती मात्र बोर्डिंगसारखं साधन फारसं आलं नाही, आणि ही उणीव आजही सलते.