मानसिक स्वास्थ्याचे मोजमाप : पेडणे व डिचोलीच्या संदर्भात

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आरोग्याची व्याख्या केली, ती केवळ रोगाचा अभाव अशी नव्हती; शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती तिच्या केंद्रस्थानी होती. तथापि मोजमाप पुढील अनेक दशके आजाराचेच होत राहिले. मारी जहोदा यांचा सकारात्मक मानसिक स्वास्थ्यावरील ग्रंथ १९५८ चा. मापनाची साधने मात्र सावकाश आली. भारतात नागपाल व सेल यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या कामातून ४० प्रश्नांची सूची सिद्ध झाली. कुटुंबाचा आधार, अपेक्षा व प्राप्ती यांचा मेळ, संकटाला तोंड देण्याचा विश्वास या बाबी तीत येतात. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही सूची अधिक जवळची वाटते.

गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी निगडित 'मानस' प्रयोगात २४ आरोग्य केंद्रांत व दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांकरवी नैराश्य व चिंतेवर उपचार झाले; त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत लाभ स्पष्ट दिसला. हे कार्य मोलाचे होय; परंतु पाहणी दवाखान्याची पायरी चढलेल्यांची होती. घरी बसलेला मनुष्य समाधानी आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणही आजाराचेच होते, आणि त्याच्या १२ राज्यांत गोवा नव्हता.

पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतील तालुके. येथे बोलणे कोकणीत, वाचन बहुधा मराठीत, तर अनेक मुस्लिम घरांत उर्दू वा दखनी. मग प्रश्नावली कोणत्या भाषेत विचारावी? 'बरें आसा', 'देवाची कृपा', 'अल्लाह का शुक्र है' ही उत्तरे मनाचे माप नव्हेत, ती सभ्यतेची रीत आहे. कर्ज थकलेला माणूसही तेच म्हणतो. 'सुकून' आणि 'समाधान' यांतही अंतर आहे: पहिल्यात शांतता प्रधान, दुसऱ्यात पुरेसे मिळाल्याची भावना.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीतील ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले यांचा रोजगार एकाएकी थांबला. यांपैकी कित्येक जण कोणत्याही व्याख्येने 'रुग्ण' नव्हते. पेडण्यात मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. जमिनीचे मोल वाढले, शेजार बदलू लागला. या दोन तालुक्यांत शांतपणे झोप लागते का, अडचणीत कोणाकडे जाता, उद्याची आशा वाटते का, हे प्रश्न उंबरठ्यावर जाऊन, घरच्या बोलीत विचारावे लागतील.