पाठीला माती लागली की नाही?

‘पंच’ हा शब्द आपल्याकडे मूळचा खेळाच्या मैदानातला नव्हे. तो गावकीतला आहे. पाच जाणत्यांनी पारावर बसावे, दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात आणि जो निर्णय होईल तो गावाने शिरोधार्य मानावा, ही त्यामागची कल्पना. ‘पंचमुखी परमेश्वर’ ही म्हण याच विश्वासातून रूढ झाली. पुढे हा शब्द कुस्तीच्या हौद्यात उतरला, क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानावर गेला, आणि आता तर पंचाच्या मदतीला चित्रफीतही आली आहे. यंत्राचा डोळा आला म्हणजे पक्षपाताची शंका मिटेल, अशी सर्वांचीच अपेक्षा होती. ती शंका मिटली तर नाहीच, काही ठिकाणी वाढलीच आहे. असे का व्हावे, याचा आपल्या भागाच्या क्रीडापरंपरेच्या आधारे थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा सारा पट्टा कुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरच्या सहवासात वाढलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, देशभरातील मल्ल पदरी ठेवले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक. कोठेही बसले तरी कुस्ती दिसावी, अशी ती रचना. या रचनेतला एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. निकाल चार मानकऱ्यांच्या साक्षीने न लागता हजारोंच्या डोळ्यांदेखत लागावा, हा तो विचार. आमच्याकडील आनंदवाडीच्या आखाड्यातही आणि गावोगावच्या जत्रा-उरुसांच्या मैदानांतही हीच रीत चालत आली.

त्या जुन्या कुस्तीत गुण नव्हते. कुस्ती निकाली व्हायची ती चितपट होऊनच. पाठीला माती लागली की हार, नाही लागली तर खेळ पुढे चालू. तासभर झुंजूनही निकाल लागला नाही तर जोड बरोबरीत सोडवायची. पंच म्हणून दोन-तीन वस्ताद हौद्यात उभे असत. पण खरे पाहता त्यांचे काम निकाल शोधण्याचे नसून, सर्वांनी पाहिलेला निकाल जाहीर करण्याचे होते. तंटे तेव्हाही होत. ‘एकच खांदा लागला’ म्हणून गावेच्या गावे हौद्यात उतरत. मात्र त्यावर एक उपाय सर्वांना ठाऊक होता: कुस्ती पुन्हा लावा. ज्याच्यात दम असेल तो पुन्हा पाडून दाखवील.

या उपायाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे हे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हायची तेव्हा, मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपणांस मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढण्याची संधी मिळवली, आणि प्रतिस्पर्ध्यास चीत करून वाद संपविला. पुढे त्याच हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक क्रीडाप्रकारातील ते पहिले ऑलिंपिक पदक. मात्र तेथेही एका लढतीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि त्याबद्दल हरकत घ्यावयास आपला एकही पदाधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. एकाच मल्लाच्या आयुष्यातील हे दोन प्रसंग. पहिल्यात दाद मागायला दार होते, दुसऱ्यात नव्हते.

गुणांची कुस्ती आली आणि पंचाचे काम बदलले. गादीवर प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले तर दोन गुण. उभ्या डावातून फेकून त्याला थेट पाठीच्या धोक्यात आणले तर चार. हा फरक पापणी लवण्याच्या आत घडतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तो दिसत नाही, दिसला तरी नियमाच्या भाषेत कळत नाही. पूर्वी पाठ लागलेली सर्वांना दिसे. आता गुण का मिळाला हे पंच सांगेल तेव्हाच कळणार. शंकेला जागा झाली ती येथे.

अन्य खेळांतही हाच प्रवास दिसतो. क्रिकेटमध्ये घरचा पंच घरच्या संघास झुकते माप देतो, ही तक्रार जुनी. म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीसाठी व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच बोलावण्यात आले. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला दूरदर्शनचे चित्र पाहून तिसऱ्या पंचाने पहिल्यांदा फलंदाजास धावबाद दिले, आणि तो फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. त्यावर कोणी फारशी कुरकुर केली नाही, कारण प्रश्न साधा होता: चेंडूने दांडी उडाली तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की बाहेर? आंतरराष्ट्रीय कुस्तीतही पुढे आव्हानाची पद्धत आली. मल्लाच्या बाजूने गादीवर मऊ स्पंज टाकायचा, मग पंचमंडळाने चित्रफीत पाहायची. आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण. मात्र चितपट झाल्याचे मुख्य पंचांच्या संमतीने एकदा जाहीर झाले की त्यावर आव्हान घेता येत नाही, असा नियम आहे.

आता महाराष्ट्र केसरीकडे वळू. मामासाहेब मोहोळांनी उभ्या केलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली सुरू केलेली ही स्पर्धा. सीमाभागातल्या आपल्या घरांतूनही तिचा निकाल दिवाळीच्या अंकासारखा वाट पाहून वाचला जातो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर आले. सिकंदर हा मोहोळचा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेला. महेंद्रने बाहेरील टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, गुण दोनच हवे होते, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे. त्या डावाची चित्रफीत हातोहाती लाखो मोबाइलवर फिरली. ती थांबवून, सावकाश करून, प्रत्येकाने पाहिली. आणि गंमत अशी की ज्याला चार दिसायचे होते त्याला चारच दिसले, ज्याला दोन दिसायचे होते त्याला दोनच. काहींनी या वादाला जातिधर्माचा रंगही दिला. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या स्पर्धेत सिकंदरने शिवराज राक्षेला काही सेकंदांतच चीत केले आणि गदा पटकाविली. खाशाबांचाच जुना उपाय पुन्हा कामी आला. तथापि त्याच महिन्यात दुसऱ्या गटाची महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली, हेही विसरता येत नाही. एका किताबाचे दोन धनी असले म्हणजे पंच कोणाचा, हा प्रश्न लढतीच्या आधीच उभा राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर याहून वाईट झाले. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ विजयी झाल्याचे पंचांनी जाहीर करताच, आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असा शिवराज राक्षेचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही आणि संतापलेल्या शिवराजने पंचांस लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणाच्या निर्णयावर नाराज होऊन लढत सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उगारणे कोणत्याही सबबीने क्षम्य नाही. वस्तादाच्या पाया पडून हौद्यात उतरणाऱ्या परंपरेला ते लांछनच. पण हजारो लोक मोबाइलवर तीच चित्रफीत पाहत असता, ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनीच ती पाहू नये, हे सामान्य माणसाच्या बुद्धीस पटत नाही. नियम तसा असेल, तर तो त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावरून सांगावयास काय हरकत होती?

फुटबॉलची कथा याच वळणाची आहे. कोल्हापुरात या दोन खेळांचे नातेही जवळचे. तेथील फुटबॉल संघांची नावेच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी आहेत. पेठेचा अभिमान आखाड्यातून मैदानावर आला, आणि पंचाकडे संशयाने पाहण्याची नजरही त्याबरोबर आली. जगभर पाहावे तर १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा चेंडू रेषेपार गेला की नाही, यावर इंग्रज आणि जर्मन आजही वाद घालतात. २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत पाहणारे पंच आले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूस शिक्षा, एवढ्या चारच बाबींत त्यांनी लक्ष घालायचे असे ठरले. तरीही ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासचा वैध गोल ऑफसाइड म्हणून बाद झाला. चित्रफीत पाहणाऱ्या पंचांना तो वैध असल्याचे दिसले होते. मैदानावरील पंचांनी गोल दिलेलाच आहे असे समजून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळविले, आणि खेळ पुढे सुरू झाला. यंत्र चुकले नव्हते. दोन माणसांमधला निरोप चुकला होता. पंचांच्या संस्थेने चूक मान्य केली आणि तीन दिवसांनी त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण लोकांना ऐकविले. राग गेला नाही, पण कट असल्याच्या आरोपातले बळ बरेच कमी झाले.

याच वर्षी ३ मार्चला आपल्या राज्याच्या राजधानीत, कंठीरव मैदानावर, सुनील छेत्रीने केरळचा गोलरक्षक सावध होण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो दिला. केरळच्या प्रशिक्षकाने संघच मैदानाबाहेर नेला. संघास चार कोटी रुपये दंड आणि प्रशिक्षकास दहा सामन्यांची बंदी झाली. तेथे चित्रफीत पाहणारे पंच नव्हते. पण असते तरी वाद मिटला असता असे आम्हांस वाटत नाही. गोल झाला हे सर्वांनीच पाहिले होते. किक त्वरेने घेऊ द्यायची की शिट्टीची वाट पाहायची, हा प्रश्न चित्राचा नसून पंचाच्या विवेकाचा होता.

सरकारी नोकरीत असताना आम्ही एक गोष्ट शिकलो. आदेश कारणांसह असावा. अर्जदाराविरुद्ध निकाल गेला तरी त्याची बाजू ऐकली, ती का मान्य झाली नाही, हे दोन ओळींत लिहिलेले असले म्हणजे निम्मे अर्जदार पुढे अपिलात जात नाहीत. कारणांवाचून आलेला आदेश बरोबर असला तरी मनात सलत राहतो, आणि मग माणूस कारणे आपली आपण शोधू लागतो: अधिकारी कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाच्या ओळखीचा.

हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळावे? सीमाप्रश्नावर पंच म्हणून १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे आणि काही गावे महाराष्ट्रातून म्हैसूरकडे जावीत, असा निर्णय दिला. एका बाजूने तो अंतिम मानला, दुसरीने तो विसंगत व पक्षपाती म्हणून नाकारला, आणि अखेर २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या प्रश्नाची बरीवाईट बाजू येथे मांडावयाची नाही. एकच कसोटी एका गावास एक आणि दुसऱ्यास निराळी लागली, असे एकदा लोकांच्या मनाने घेतले की पुढच्या पिढ्यांपर्यंत निकाल पचत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. पंचाला अधिकार कागदाने मिळतो. मान मात्र समान कसोटीने मिळतो.

म्हणून यंत्रास आमचा विरोध नाही. यंत्र जरूर असावे. पण ते पंचाच्या टेबलावर झाकून न ठेवता हौद्याकडे तोंड करून ठेवावे. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात पंचांनी चित्रफीत पाहून घेतलेला निर्णय स्वतः ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानास सांगितला. जत्रेच्या मैदानात आपला निवेदक दोन तास पैलवानांची घराणी आणि देणगीदारांची नावे सांगत असतो. त्याच्या हातातला ध्वनिक्षेपक पंचाने अर्धा मिनिट घ्यावा, आणि गुण कोणत्या डावाला, किती व का, हे मराठीत आणि कानडीत सांगावे. दोन गावांची जोड असेल तर पंच तिसऱ्या गावचा असावा, आणि त्याचे नाव कुस्ती लागण्याआधी जाहीर व्हावे. यास खर्च काही येत नाही. यंदाच्या जत्रांपासून निदान आपल्या मैदानांत तरी ही रीत पाडता येईल.