बंदुकीची नळी आणि शिवेवरचें मीठ

शीव म्हणजे गांवाची सीमा. मुंबई बेटाच्या उत्तर टोकावरील वस्तीला हें नांव सार्थ होतें. कारण एके काळीं येथें इंग्रजांची मुंबई संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. शीव कोळीवाड्याजवळच्या टेकडीवर गव्हर्नर जेरॉल्ड आंजियर यांच्या कारकीर्दींत, १६६९ ते १६७७ या काळांत, कंपनीनें किल्ला बांधला तो या सीमेच्या राखणीसाठीं. पुढें १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी व वसई जिंकली, आणि खाडीपलीकडील शेजारी बदलला. पण किल्ल्यावरील शिपायाचा एक शत्रु मात्र कधींच बदलला नाहीं. तो म्हणजे खाडीवरून आणि मिठागरांवरून येणारा खारा, दमट वारा.

मीठ लोखंड खातें, हें कोळ्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. होडीचा नांगर आणि खिळे यांची अवस्था तो रोज पाहतो. बंदुकीच्या नळीवर मात्र हा हल्ला दुहेरी होतो. बाहेरून हवेंतील क्षार येतो, आणि आंत प्रत्येक बारागणिक नवा क्षार तयार होतो. जुनी काळी दारू म्हणजे शंभरांत सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती पेटली म्हणजे तिचा सारा धूर होऊन जात नाहीं. वजनाच्या अर्ध्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. हा काळा मळ मुख्यतः पोटॅशच्या क्षारांचा असतो. तो हवेंतील ओल शोषून घेतो आणि नळीचें लोखंड कुरतडूं लागतो.

यावर उपायहि जुनाच आहे. क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून नळी प्रथम पाण्यानें, शक्यतों कढत पाण्यानें, धुवावयाची. मग गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करावयाची. आणि शेवटीं तेलाचा पातळ हात फिरवावयाचा. हा क्रम चुकला, मळावरच तेल चोपडलें, तर गंज तेलाखालींच आपलें काम करीत राहतो. तोफेलाहि दोन बारांच्या मध्यें काठीला बांधलेल्या ओल्या बोळ्यानें पुसावें लागे. तेथें स्वच्छतेबरोबर जिवाचाहि प्रश्न असे. कारण आंत एखादी ठिणगी धुमसत राहिली तर पुढची दारू भरतांनाच पेट घेई.

नळी घडवितांनाच ती आंतून गुळगुळीत करण्याची कला निराळी. जुने कारागीर लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवतीं गुंडाळीत, ठोकून सांधीत, आणि मग बरम्यानें भोक सारखें करीत. पुढें बारीक काम करणारे कारागीर गजाच्या टोकाभोवतीं नळींतच वितळलेलें शिसें ओतीत. थिजल्यावर तें नळीचा हुबेहूब ठसा होई. त्याला तेल आणि कुरुंदाची बारीक पूड लावून तो पुढें-मागें ओढला म्हणजे आंतील उंचवटे झिजत. हें काम बेताबेतानें करावयाचें. घाई केली तर भोक एके ठिकाणीं सैल होई, आणि एकदां गेलेलें लोखंड परत आणतां येत नसे.

साध्या बंदुकीला थोडा मळ चालून जाई, कारण तिची गोळी नळीपेक्षां बरीच लहान असे. त्याचें मोलहि द्यावें लागे. शंभर यार्डांपलीकडे नेम भरंवशाचा राहत नसे. एप्रिल १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी शिवेवरून धांवली. त्याच वर्षीं इंग्लंडांत एन्फील्ड रायफलीचा नमुना निघाला. या रायफलीच्या नळींत तीन पीळदार खांचा होत्या. नळीचा व्यास ०·५७७ इंच आणि गोळीचा ०·५६८ इंच. म्हणजे दोहोंमध्यें इंचाच्या हजाराव्या भागांपैकीं फक्त नऊ भागांचें अंतर. बार होतांच गोळीचें शिसें फुगून खांचांत बसे, गोळी फिरत जाई, आणि नेम कित्येक शें यार्डांपर्यंत पोंचे.

पण एवढ्या थोड्या फटींत मळ साचला कीं पुढची गोळी तोंडाकडून आंत ठासणें अवघड होई. म्हणून गोळीभोवतींच्या कागदाला वंगण लावण्याची युक्ति निघाली. तें गोळीबरोबर आंत जाई आणि मळ मऊ ठेवी. युक्ति शास्त्रशुद्ध होती. परंतु काडतूस वापरण्याची रीत अशी कीं त्याचें टोंक दांतांनीं तोडून दारू नळींत ओतावयाची. आणि वंगण होतें चरबीचें. ती कोणत्या जनावराची, याची काळजी कोणीं घेतली नाहीं. जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळ डमडम येथें गाय आणि डुकराच्या चरबीची वदंता उठली. शिपायांनीं आपलें वंगण आपण तयार करावें, काडतूस हातानें फाडावें, अशा सवलती मागाहून निघाल्या. पण तोंवर विश्वास तुटला होता. बंडाचीं कारणें पुष्कळ होतीं, तरी ठिणगी पडली ती नळीच्या निगेच्या या लहानशा प्रश्नावर.

तिची धग या प्रांतालाहि लागली. ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरास २७ वी पलटण उठली. मुंबईंत कटाच्या आरोपावरून सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघा देशी शिपायांना १५ ऑक्टोबर रोजीं एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें.

पुढें मागून भरावयाच्या रायफली आल्या, बिनधुराची दारू आली, आणि मळाचा प्रश्न संपला असें वाटलें. तरी नळ्या गंजतच राहिल्या. अखेरीस ध्यानांत आलें कीं दोष दारूचा नव्हे, काडतुसाच्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेटचा. त्यापासून जो क्षार उरतो तो खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ, आणि ओल ओढण्यांत त्याच्यासारखाच. म्हणून लोकांच्या परिचयाच्या ·३०३ रायफलीच्या दस्त्यांत दोरी व तेलाची कुपी ठेवलेली असे, तरी बार झाल्यावर नळींत कढत पाणी ओतण्याचाच हुकूम असे. जुन्या ठासणीच्या बंदुकीची रीत फिरून खरी ठरली.

१८०३ सालीं शिवेचा बांध पुरा झाला, आणि साष्टी मुंबईस जोडली गेली. सीमाच उरली नाहीं, तेथें किल्ल्याच्या तोफांना काम कोठून उरणार? टेकडीवर आज फिरावयास येणाऱ्यांना पडक्या भिंती आणि खाडीकडचा वारा एवढेंच भेटतें. वारा मात्र पूर्वींसारखाच खारा आहे. नळींत राहिलेला क्षार पाण्यानें धुतां येतो, ओल तेलानें रोखतां येते. या दोन गोष्टी शस्त्रशाळेंतील कारागिरांना ठाऊक होत्या. ती नळी ज्याच्या हातीं द्यावयाची त्याच्या मनाची निगा राखण्याचें काम मात्र त्यांच्या धन्यांना साधलें नाहीं. आणि त्या मनावर एकदां चढलेला गंज कोणत्याहि सवलतीनें उतरला नाहीं.